मालकाच्या लेकीचा आजार, माझ्या लेकीचं येड

मालकानं मला बायकांच्या रांगेत बसवलं.

डाळमिलचं अंगण. चाळीस बाया पुढ्यात सूप घेऊन तूरडाळ निवडायला बसलेल्या. मी फाटकावरचा राखणदार. डोक्याला पटका, हातात काठी, मिशी तेव्हा अजून काळी. हैदराबादच्या व्यापाऱ्याकडनं एक पोतं परत आलं होतं. त्यात खडे निघाले. आमच्या मिलमध्ये निवडणाऱ्या बायांना लिहिता यायचं नाही. म्हणून जिनं जे पोतं निवडलं, त्याच्या तोंडाला ती आपल्या रंगाची चिंधी बांधायची. कुणाची लाल, कुणाची हिरवी. परत आलेल्या पोत्याला पिवळी होती. पिवळी म्हंजे माझी लेक, सुभद्रा.

मालकानं मला फाटकावरून बोलावलं आणि पोतं अंगणात ओतलं.

"लेक तुझी न्हवं? मग तूच निवड. काठी ठेव तिकडं. सूप घे."

मी म्हटलं, "मालक, मी गडीमाणूस."

"धनगर न्हवं का तू? दोनशे मेंढरं वळली म्हणतोस. एक पोरगी वळता येईना व्हय रं?"

ड्रायव्हर हसले. हमाल हसले. काही बायांनी पदर तोंडाला लावला. मी बसलो. भोंगा होईपर्यंत खडे वेचले. सुभद्रा शेजारीच होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. पत्र्यावर चालणाऱ्या पारव्यांकडं बघत होती. सुपातली डाळ तशीच.

खरं सांगतो, मला मालकाचा राग आला नाही. लेकीचा आला. घरी गेल्यावर मी तिला मारलं. तीस वर्षांची बाई ती. नवऱ्यानं टाकलेली. तिनं हात आडवा केला नाही. एवढंच म्हणाली, "अप्पा, मी ध्यान दिऊनच निवडले व्हते. देवाच्यान."

"मग डोळे फुटले का तुझे?" मी म्हटलं.

मी दुसरीपर्यंत शिकलो. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. जे केलं ते लिहितो. मालकानं केलं ते आणि मी केलं ते बी.

आमचं गाव निर्णा. बाप मेंढरं राखायचा, मी बी तेच केलं. उन्हाळ्यात मोठे शेतकरी आम्हाला बोलावून मेंढरं त्यांच्या रानात बसवायला सांगायचे. लेंड्यांचं खत व्हायचं, बदल्यात आम्हाला जोंधळे. मालकाच्या रानात आम्ही दर साल महिनाभर असायचो. मालकाला एक मुलगी, विजयालक्ष्मी. तिला विजू म्हणायचे. माझी सुभद्रा तिच्याच वयाची. दोघी दिवसभर बांधावर.

दोघी सारख्याच. हे मी तेव्हा बघितलं होतं, पण मला दिसलं नव्हतं. विजूची रोज एक चप्पल हरवायची. पाटी नांगराच्या तासात पडलेली असायची. जेवता जेवता उठून विहिरीकडं पळायची. बोललेलं अर्धंच ऐकायची. मालक हसायचा. "आमची विजू म्हंजे वारं हाय वारं," म्हणायचा. शिकवायला घरी दोन मास्तर लावले. चप्पल हरवली की दुसरी यायची.

सुभद्रा मेंढरं सोडून कुठंतरी बघत उभी राहायची आणि मेंढरं जोंधळ्यात शिरायची. मला शिव्या बसायच्या. मग मी एक शहाणपण केलं. कळपातून निघून जाणाऱ्या हूड मेंढीच्या गळ्यात आम्ही घंटी बांधतो, कुठं गेली ते कळावं म्हणून. मी तशीच घंटी लेकीच्या करदोट्याला बांधली. मला वाटलं, आता सापडेल. तर ती घंटीच ऐकत बसली. चार पावलं टाकायची, थांबायची, कंबर हलवून बघायची. मेंढरं पार नाल्यापलीकडं. गावातली पोरं तिच्या मागं "मेंढी आली, मेंढी आली" करत पळायची.

विजूला ती घंटी फार आवडली. मला बी पाहिजे म्हणून रडली. मालकानं तिला चांदीचे घुंगरू लावलेले पैंजण आणले.

तेव्हापासून मी जळतोय. लपवत नाही. पैंजणाचा हेवा नव्हता. तिच्या बापाला हसायला येत होतं आणि मला मारायला येत होतं, त्याचा हेवा.

सुभद्रीला राजेश्वर गावी दिली. सहा वर्षं नांदली. दूध उतू गेलं. तव्यावर भाकरी टाकून अंगणात गेली ती शेजारणीशीच बोलत राहिली. देवघरात दिवा लावायला गेली आणि उदबत्त्या निवडत बसली. सासूनं एकेक मोजून ठेवलं. पाच माणसं बसवून माझ्यापुढं सगळं वाचल्यागत म्हणून दाखवलं. शेवटी म्हणाली, "येडी हाय. सांगून द्यायची व्हती." मी मान खाली घातली आणि लेक घेऊन आलो. मैलारच्या देवाला नेलं, भंडारा लावला. एका जाणत्याला दाखवलं, त्यानं काळा दोरा बांधला. दोरा बी तिनं कुठंतरी हरवला.

मग दिवस बदलले. रानात युरिया आला, ट्रॅक्टर आला. मेंढरं बसवायला कुणी बोलवेना. मी कळप विकला. मालकानं मन्नाएखेळ्ळीच्या रस्त्याला डाळमिल टाकली. माझी मेंढरं बसायची त्याच रानात. माझ्या खतावर. मला फाटकावर ठेवलं, लेकीला रांगेत. उपकार केल्यासारखं.

विजू इंजिनेर झाली. हैदराबादला कंप्युटरच्या कंपनीत गेली. दोघी चाळिशीला आल्या.

एकदा विजू जत्रेला आली. ऑफिसात पाहुणे बसले होते, विजू बी त्यांच्यात. मी गाड्या लावून दारात उभा. आत मालक डोळे पुसत होता. मी त्याला त्याचा बाप मेला तेव्हा बी रडताना बघितलं नव्हतं. तो सांगत होता, "पोरीला आजार निघाला. जन्मापासनं व्हता. मोठी झाल्यावर आम्ही उगीच बोललो गं बाई तुला, उगीच बोललो."

विजू सांगायला लागली. बोलणं चालू असताना तिचं मन कसं निघून जातं. गॅसवर ठेवलेली तीन भांडी कशी जळाली. अर्धी सोडलेली कामं. किल्ली, पाकीट, चष्मा. रोज सकाळी ठरवायचं की आज चुकणार नाही आणि दुपारी चुकलेलं असायचं. लोकांना कळू नये म्हणून दुप्पट राबायचं. डॉक्टरनं नाव सांगितलं तेव्हा ती गाडीत बसून तासभर रडली म्हणे. "वाटलं, मी वाईट नव्हते."

मी दारात. प्रत्येक वाक्य माझ्या सुभद्रीचं. जसंच्या तसं. माणूस दुसऱ्याच्या शेतावर जळतो, घरावर जळतो. मी आजारावर जळलो. त्यांच्या लेकीला आजार आणि माझ्या लेकीला येड? कामून?

मी न विचारता आत गेलो. "मालक, हे तर आमच्या सुभद्रीचं हाय. सगळं तेच."

मालकानं डोळे पुसले आणि हसला.

"अरं, ह्यो शिकलेल्या डोक्याचा आजार हाय. तुझ्या सुभद्रीचं डोस्कं चालतच न्हाई. ते बिघडंल काय?"

पाहुणे हसले. विजू हसली नाही. पण बापापुढं बोलली बी नाही.

थोड्या वेळानं ती फाटकावर आली. हातात चिठ्ठी. "मामा, गुलबर्ग्याला एक बाई डॉक्टर हायत. सुभद्राला घेऊन जावा. मला वाटतंय तुम्ही बरोबर बोलायलाव."

मी म्हटलं, "नगं. तुमचं उतरलेलं आम्ही लई घातलं."

सुभद्रा तेवढ्यात रांगेतनं उठून आली होती. तिनं हात पुढं केला, चिठ्ठी घेतली, चोळीत खोचली. "मी जाते की," म्हणाली. "अप्पाचं काय ऐकायलीस तू?" दोघी लहानपणच्यासारख्या हसल्या.

घरी आल्यावर मी म्हटलं, चिठ्ठी दाखव. सुभद्रीनं चोळी चाचपली. पिशवी उपडी केली. पदर झटकला. वाटेनं परत गेली, परत आली. चिठ्ठी नव्हती.

माझा हात वर गेला.

तो वरच राहिला. हाताला कुणी धरलं नव्हतं. मला दिसलं. हेच तर ते. दारात उभा राहून जे ऐकलं, ज्याच्यावर जळलो, ज्याच्यासाठी भर बैठकीत अपमान करून घेतला, ते हे माझ्यापुढं उभं होतं, चोळी चाचपत, आणि मी त्याला मारायला निघालो होतो. तीस वर्षं मी ह्यालाच मारलं.

हात खाली घेतला. तिनं डोळे मिटले होते. उघडले आणि म्हणाली, "मारत न्हाईस?"

ह्या दोन शब्दांनी जे केलं ते मालकाच्या कुठल्याच शिवीनं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मालकाच्या घरी गेलो. त्या ओट्यावर काही मागायला मी आयुष्यात चढलो नव्हतो. मालक झोपाळ्यावर.

"विजूअक्काची चिठ्ठी हरवली. परत पायजे," मी म्हटलं.

"आजार मागायला आलास? अन् त्यो बी दोनदा?"

"व्हय. दोनदा. गरज पडली तर तिसऱ्यांदा बी येईन."

विजूनं आतून नवी चिठ्ठी आणली. ह्या खेपेला मी पटक्यात बांधली.

गुलबर्ग्याची डॉक्टरीण वयानं सुभद्रीएवढीच. मी म्हटलं, "रक्त काढा, डोक्याचा फोटो काढा, काय ते काढा." ती म्हणाली, "फोटोत दिसत नाही काका. विचारून कळतं. लहानपणी कशी होती ते सांगणारं कुणी आहे?"

मीच होतो. शाळेचा कागद नव्हता, आई मेलेली. मी साक्षीदार. मला सगळं सांगावं लागलं. मेंढरं, जोंधळा, घंटी. घंटीचं सांगताना मी खाली बघितलं. डॉक्टरीण लिहीत होती. तिनं मान वर केली नाही, बरं केलं.

मग तिनं मला बाहेर बसवलं आणि सुभद्रीशी एकटीशी बोलली. लई वेळ. काचेतनं दिसत होतं. माझी लेक हात हलवून बोलत होती आणि ती शिकलेली बाई ऐकत होती. मधी बोलत नव्हती. तिथं बी मी जळलो. लेकीवरच जळलो. साठी उलटली, माझं बोलणं एवढा वेळ कुणी ऐकलं नाही. हे लिहायला लाज वाटते, म्हणून लिहितोय.

मला परत आत बोलावलं. डॉक्टरणीनं नाव सांगितलं. एडीएचडी. चार इंग्रजी अक्षरं. म्हणाली, ध्यान एका जागी धरून ठेवायला हिच्या मेंदूला इतरांपेक्षा जास्त ओढाताण होते. जन्मापासून. आळस नाही, येड नाही, कुणाची करणी नाही. पोरांचं लवकर कळतं, कारण ती धिंगाणा घालतात. पोरी गप बसून मनानं निघून जातात, म्हणून त्यांचं कुणी बघत नाही. मग त्या बायका होतात, बोलणी खातात, आणि स्वतःलाच नालायक समजायला लागतात. हिच्यासारख्या लई बाया असतील, म्हणाली.

सुभद्रा म्हणाली, "म्हंजे मी मुद्दाम करत नव्हते?"

"नाही."

"अप्पा, ऐकलास का?"

ऐकलं. मान हलवली एवढंच. माफी मागता आली असती. आली नाही. माझ्यासारख्या माणसाला ते जमत नाही आणि त्याची बढाई बी मारत नाही.

गोळी सुरू झाली. डॉक्टरीण म्हणाली होती, एका जागी बसून बारीक खडे निवडायचं काम हिच्यासाठी सगळ्यात वाईट. उभ्याचं, चालतं-फिरतं काम बघा. मी मिलच्या ऑफिसात मालकाकडं गेलो. डॉक्टरणीचा कागद पुढं ठेवला. म्हटलं, तिला पोती शिवायला उभी करा. मागं मशीन पडून आहे.

मालकानं कागद वाचला. दोनदा वाचला. दार लावून घेतलं. पहिल्यांदाच मला खुर्ची दाखवली. आवाज खाली आणला.

"देतो. उद्यापासनं शिलाईवर घे तिला. तू बी म्हातारा झालास, फाटकावर खुर्ची टाकून देतो. फकस्त एक. आमच्या विजूचं अन् तुझ्या पोरीचं एकच दुखणं हाय, हे बाहेर बोलायचं न्हाई. गावात तर अजिबात न्हाई."

"कामून?"

"कामून म्हंजे? तुझ्या पोरीला सगळा गाव येडी म्हणतोय. उद्या माझ्या पोरीला म्हणतील. जरा समजून घे की."

मी समजून घेतलं. सगळं समजलं. आजार एकच आहे हे ह्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हसला होता ते ठाऊक होतं म्हणूनच.

माझ्यापुढं खुर्ची होती. लेकीपुढं उभ्याचं काम होतं. महिनाभरापूर्वी मी पाय धरले असते. मी दार उघडलं आणि अंगणात हाक मारली, "सुभद्रे, ये इकडं." काम तिचं होतं, म्हणून तिलाच विचारलं. मालक काय म्हणतो ते सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं.

सुभद्रीला विचार करून बोलायची सवय नाही. तो बी त्या आजारातलाच भाग, डॉक्टरीण म्हणाली होती. ती तिथंच म्हणाली, "मालक, विजूला येडी म्हणतील म्हणून तुमी भ्यायलाव. मला म्हणत्यात ते तुमाला वीस वर्सं ऐकू आलं न्हाई व्हय?"

चाळीस सुपं थांबली.

"निघा," मालक म्हणाला. "दोघं बी. आत्ताच्या आत्ता."

"निघतो," मी म्हटलं. "तोंडाला कुलूप लावून दिलेलं काम माझ्या लेकीला नगं."

ह्याला आता दोन वर्षं होत आली. मन्नाएखेळ्ळीच्या हायवेला सुभद्रा भाकरी-पिठलं विकते. ट्रक थांबतात. चार गिऱ्हाइकं एकदम बोलली की तिला सुचतं, एकटं बसवलं की सुचत नाही. झाकलेली वस्तू ती विसरते, म्हणून टपरीत काहीच झाकून ठेवत नाही. मीठ, गोळ्या, किल्ली, मोबाइल, सगळं दोऱ्यानं डोळ्यापुढं टांगलेलं. आठवण द्यायला मोबाइल दिवसातनं सहा वेळा वाजतो. सहाव्यांदा ती ऐकत नाही. परवा पिठलं करपलं. गिऱ्हाईक ओरडलं. ती म्हणाली, "करपलं, दुसरं करते, थांबायचं तर थांब." पहिली असती तर दिवसभर रडली असती.

लोक म्हणतात, म्हाताऱ्या, लेक मार्गी लागली की, आता कामून जळायलास?

जळतोय. विजू विसरली तर उचलायला मागं दोन नोकर आहेत. माझ्या लेकीच्या मागं मी एकटा, आणि मी किती दिवसांचा? विजूचा बाप रडला तर पाहुण्यांनी पाणी आणलं. मी कुणापुढं रडू? शेजारच्या गावात आठ वर्षांच्या पोरीला मास्तरणीनं ओळखलं, डॉक्टरकडं धाडलं. चांगलं झालं. मी तिच्यावर बी जळलो. आठव्या वर्षी! माझ्या लेकीची आठ ते चाळीस मला कोण देणार? कुणी देणार नाही. म्हणून माझी आग विझायची गरज नाही.

पण आता ती लेकीवर निघत नाही. टपरीच्या बाकावर बसून कुणी आपल्या सुनेला, बायकोला, पोरीला येडी म्हणालं की मी उठतो. त्याच्यापुढं जाऊन उभा राहतो. चार अक्षरं सांगतो. गुलबर्ग्याला कुठल्या गाडीनं जायचं ते सांगतो. आणि मालकाच्या लेकीचं नाव घेतो. विजूनंच सांगितलंय, "मामा, घ्या माझं नाव." तिला लाज नाही. तिच्या बापाला आहे.

मागच्या आठवड्यात मालकानं माणूस धाडला. नाव घ्यायचं बंद कर, म्हणाला, न्हाईतर टपरी उठवीन.

मी त्या माणसाला बाकावर बसवलं. भाकरी वाढली. म्हटलं, "जेव. अन् जाऊन सांग. टपरी उठवली तर त्याच्या फाटकापुढं उभा राहून सांगीन."